मोर कुणी सांगितला

एका मंगळवारी संध्याकाळी हे ठाण्याहून आले, चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता मला सांगायला लागले. हडप्पाला एक रांजण सापडलाय म्हणे. त्याच्यावर मोर काढलेत आणि त्या मोरांच्या पोटात आडवा झोपलेला माणूस आहे. मेलेल्या माणसाचा जीव असावा तो. मोर त्याला वर घेऊन चाललेत.

मी मेथी निवडत बसले होते. हातातली काडी हातातच राहिली.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"मॅडमनी," हे म्हणाले. "चित्र पण काढून दाखवलं."

मी कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. सिंधू संस्कृतीचा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय, की न बघता फळ्यावर नगररचनेचा नकाशा काढत असे. आणि तो मोर मी यांना लग्न झालं त्या वर्षीच सांगितला होता. तेव्हा आम्ही डोंबिवलीत एका खोलीत राहायचो आणि मी एम.ए.चा अभ्यास करत होते. एका रविवारी दुपारी मी अगदी रंगून मोराचं वर्णन केलं होतं. हे पेपर वाचत होते. माझं बोलणं संपल्यावर "हं" म्हणाले आणि चहा टाकतेस का, असं विचारलं. त्यानंतरही तो मोर दोन-तीनदा तरी आमच्या घरात बोलण्यात आला असेल. दर वेळी "हं".

आणि आता तोच मोर ठाण्याहून नवा होऊन आला होता.

हे एमआयडीसीतल्या रंग बनवणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी घरातले नळ दुरुस्त केले, मग दुरुस्त नळ पुन्हा उघडले. पुण्याहून आमची मुलगी आली होती, तिने ते बघितलं आणि यांना ठाण्यात मातीकामाचा क्लास लावून दिला. खाडीजवळच्या कोळीवाड्यात एक बाई तो क्लास चालवायच्या. आठवड्यातून दोन दिवस. मलाच बरं वाटलं होतं. दोन दिवस तरी घर माझं.

मोराच्या त्या संध्याकाळपासून मात्र मला मंगळवार आणि शुक्रवार नकोसे झाले. हे जाताना शर्टाला इस्त्री करून घ्यायचे. मातीत काम करायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मी एकदा विचारलं, तर वर एप्रन असतो म्हणाले. घरी आल्यावर जेवताना सगळं बोलणं तिकडचं. मॅडम म्हणतात हडप्पाचा कुंभार मोठं भांडं एकसंध करत नसे, तुकड्यातुकड्याने करून जोडत असे. मॅडम म्हणतात काळी रेघ मारताना हात हलवायचा नाही, भांडं फिरवायचं. पूर्वी जेवताना यांचं तोंड फक्त घासापुरतं उघडायचं. एवढं बोलणारा माणूस माझ्या घरात राहत होता हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. बघायला येते म्हटलं. यांना आनंद झाला, आणि तो आनंदही मला खुपला.

कोळीवाड्यातल्या गल्लीत तिचं बैठं घर होतं. जिथे पूर्वी जाळी आणि सुकी मासळी ठेवत, त्या लांब पडवीत आता चाकं मांडली होती. बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उंच, केस वर बांधलेले, कोपरापर्यंत माती. बडोद्याला शिकून आलेली. माहेरचंच घर, नवरा वारल्यावर परत इथेच राहायला आली होती. तिने मला "या ताई" म्हटलं आणि यांना "दादा". दादा ऐकून मी मनात जरा निश्चिंत झाले. पण थोड्याच वेळात कळलं, की त्या शब्दाने माझं काहीच भागणार नव्हतं. हे तिच्या प्रेमात वगैरे पडले असते तर मला निदान भांडता आलं असतं. तसलं काही नव्हतं. ती बोलायला लागली की हे ऐकायचे, मान किंचित पुढे करून, डोळे न हलवता. ते ऐकणं मला हवं होतं. सगळं आयुष्य मी वर्गात मुलांना "इकडे लक्ष द्या" म्हणत आले आणि घरात ते मागायचं राहून गेलं.

त्या दोघांनी एक बेत केला होता. हडप्पाच्या घरांतून धान्य साठवायला असत तसा मोठा रांजण करायचा, कमरेपेक्षा उंच. लाल लेप, त्यावर काळी चित्रं. काळ्या रंगाचं काम यांच्याकडे होतं. गेरूत मँगनीज किती घातलं म्हणजे भाजल्यावर काळं राहतं आणि कधी तपकिरी होतं, याचे तुकडे करून त्यांनी पडवीतल्या फळीवर ओळीने ठेवले होते. प्रत्येकावर पेन्सिलने बारीक खुणा. आमच्या घरात कुठलीही वस्तू ओळीने ठेवलेली मी कधी पाहिली नाही.

रांजणाचं बुड आणि पोट जोडून झालं, त्या दिवशीही मी तिथे होते. माती ओली नव्हती आणि सुकलेलीही नव्हती. एवढं मोठं पोट स्वतःच्या भाराने खाली बसू नये म्हणून जुने कुंभार त्याला दोरी गुंडाळून ठेवत. हजारो वर्षांनी सापडलेल्या खापरांवरही त्या दोरीचे वण दिसतात. हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. बघितलं कधीच नव्हतं. तिने सुतळीचं एक टोक यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघं रांजणाभोवती फिरायला लागली. हे एकीकडून, ती दुसरीकडून. समोरासमोर आली की सुतळी वरखाली करून एकमेकांना वाट द्यायची. सुतळी ताणलेली राहावी एवढंच दोघांच्या मनात.

मी लग्नानंतर दोन-चार वर्षं वडाला दोरा गुंडाळला आणि मग हे असलं काही आपण मानत नाही म्हणून सोडून दिलं. वर्गात मुलींनाही मी तसंच सांगायची. त्या दुपारी पडवीतल्या स्टुलावर बसून मी माझ्या नवऱ्याला दुसऱ्या बाईबरोबर फेरे घालताना बघत होते, आणि मला वाटलं, उठावं आणि ती सुतळी कापून टाकावी. कात्री शेजारीच होती. मी उठले आणि बाहेर जाऊन गल्लीत उभी राहिले. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी कोळंबी सोलत होती. तिने मला विचारलं, कुनाकडं आलाव?

घरी आल्यावर मी यांना सांगितलं, मलाही शिकायचंय. यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला चिकट हात आवडत नाहीत," म्हणाले. ते खरं होतं. कणीकसुद्धा मी तेलाचा हात लावून मळते. पण मी हट्टाला पेटले होते. पुढच्या मंगळवारपासून मीही जायला लागले.

चाकावर माझं काही जमलं नाही. माती मधोमध बसायलाच तयार नव्हती. वाडगा वर यायचा, जरा रूप धरायचा आणि एका बाजूला कलंडायचा. शेजारी यांचे वाडगे पातळ काठाचे, एकसारखे. ती माझ्या मागे उभी राहून माझ्या हातांवर हात ठेवायची, आणि तिचे हात असेपर्यंत माती शहाण्यासारखी वागायची. हात काढले की पुन्हा तेच. ती कधी हसली नाही, कधी कंटाळली नाही. ती जरा जरी वाईट वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

रांजणाला गळा चढला, लाल लेप लागला आणि त्यावर काय काढायचं हा प्रश्न आला. यांना मोरच हवा होता. पोटात माणूस असलेला. यांनी जागाही ठरवली होती, खांद्याच्या जरा खाली, चहूबाजूंनी.

मी म्हणाले, "मोर नाही चालणार."

का, म्हणून यांनी विचारलं. तेव्हा मी शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, की तो मोर या रांजणाच्या काळातला नाही. शहरं उतरणीला लागल्यानंतरचा आहे आणि तो दफनाच्या भांड्यांवर सापडलाय. त्या भांड्यांत माणसांची हाडं ठेवत. धान्याच्या रांजणावर तो काढणं म्हणजे कणगीवर तिरडीचं चित्र काढण्यासारखं आहे.

म्हटलं ते सगळं बरोबर होतं. पण म्हणण्यात मला चव आली होती, हे माझं मलाच जाणवलं. यांचा चेहरा उतरला. हे गेरूचा डबा घेऊन नळाकडे गेले आणि बराच वेळ ब्रश धूत बसले.

ती माझ्यापाशी येऊन बसली. मला वाटलं, आता ही वाद घालेल. ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही बोललात. मला तो मोर माहीतच नव्हता, ताई. दादांनीच पहिल्या दिवशी सांगितला."

"यांनी?"

"हो ना. आम्ही सगळे ओळख करून देत होतो, तर दादा म्हणाले, आमच्या घरात हडप्पाच्या मोराबद्दल ऐकलंय, तसं काहीतरी करायचंय. मग मी शोधलं. चित्र काढून पुढच्या वेळी दाखवलं. तुम्ही इतिहासाच्या आहात हे कळल्यावर मला वाटलंच, हे तुमचंच असणार."

म्हणजे माझा मोर यांनी खिशात घालून ठाण्याला नेला, तिच्या पडवीत काढून ठेवला आणि तिचा म्हणून परत घरी आणला. मला बरं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या "हं"मधून काहीतरी आत गेलं होतं तर. पण मला आणखीनच जळजळ झाली. माझी गोष्ट यांच्या मनात उगवली, ती तिच्याकडे गेल्यावर. माझ्या स्वयंपाकघरात ती नुसती पडून होती.

तेवढ्यात तिने कागद पुढे केला आणि मीच सांगावं म्हणाली, काय काढायचं ते. मी सांगितलं. गळ्याखाली एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांचा पट्टा. त्याच्याखाली पिंपळाची पानं. मग खवल्यांच्या ओळी. अर्थ कुणालाच ठाऊक नाही, त्यांची लिपी अजून वाचता येत नाही, अर्थ सांगणारा प्रत्येक जण अंदाजच बांधतो, हेही सांगितलं. पिंपळाचा मान मात्र तेव्हापासून आजपर्यंत कुणी काढून घेतलेला नाही, एवढं खरं. खवल्यांपाशी ती थांबली. हे खवलं पापलेटाचं नाही, जिताड्यासारख्या मोठ्या माशाचं असेल म्हणाली, आणि हसली. मग मीही हसले, मनात नसताना.

रंगवायला आम्ही दोघी बसलो. चाकावर हात न बसलेली मी रेघेत मात्र बरी निघाले. फळ्यावर आयुष्यभर हाताने वर्तुळं काढली होती, ती कामाला आली. ती रांजण सावकाश फिरवायची आणि मी ब्रश धरून बसायची. हे लांबून बघत होते.

एवढा रांजण तिच्या विजेच्या भट्टीत मावणार नव्हता. खडवलीला तिच्या आतेभावाची नदीकडे जागा होती, तिथे तिने विटांची जुन्या पद्धतीची भट्टी बांधून घेतली होती. खाली जाळ, वर भांडी. रांजण टेम्पोत गोधड्यांत बसवला. कच्चं भांडं, एका खड्ड्यात काम तमाम. कुणीतरी मागे धरून बसायला हवं होतं. हे चढले, ती चढली. माझे गुडघे दुखतात म्हणून मला पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. भिवंडीच्या बाजूने जाताना प्रत्येक खड्ड्याला मी मागच्या काचेतून बघायची. दोघं रांजणाला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती, तापलेल्या मुलाला धरून बसतात तशी. एका वळणावर माझ्या मनात आलं, फुटू दे. हे अगदी स्पष्ट शब्दांत आलं. त्या रांजणावर माझ्या स्वतःच्या हातची चित्रं होती, तरीही आलं.

फुटला नाही. दिवसभर जाळ घातला. आधी धग मंद ठेवली, नुसता धूर. मग लाकडं. तिचा आतेभाऊ आणि हे आळीपाळीने तोंडाशी बसले. संध्याकाळी भट्टी खापरांनी झाकून आम्ही परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो.

तिने वरची खापरं एकेक करून काढली. रांजण वर आला तेव्हा अजून कोमट होता. लाल असा, की मी पुस्तकातल्या कुठल्याही चित्रात तो लाल पाहिला नव्हता. काळा काळाच राहिला होता. फक्त जिथे जाळाचा झोत लागला, तिथे हातभर तपकिरी झाला होता. बोटाने वाजवल्यावर आवाज खणखणीत. कुठेही तडा नाही. ती एकदम खाली मातीत बसली आणि डोळे पुसायला लागली. हे रांजणाभोवती फिरत होते. वर्तुळांच्या पट्ट्यापाशी वाकले, एका रेघेवरून बोट फिरवलं, थेट टोकापर्यंत.

"काय हात आहे मॅडम तुमचा," म्हणाले. "कुठे जोड दिसत नाही."

बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"माझा नाही तो, दादा," ती मातीतूनच म्हणाली. "सगळी वर्तुळं ताईंची आहेत. तुम्ही समोर तर होतात."

हे वळून माझ्याकडे बघायला लागले. मग पुन्हा रेघेकडे वाकले. त्यांनी पट्टा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली, एकेक वर्तुळ, रांजणाला पूर्ण फेरी मारून. मान किंचित पुढे, डोळे स्थिर. मला हवं होतं ते हेच. आणि ते मला मिळत होतं तिच्या तोंडून आलेल्या वाक्यामुळे. तिने ते मला दिलं होतं, सहज, पाण्याचा तांब्या द्यावा तसं. त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका सुतळीच्या दिवशीही वाटला नव्हता.

ती आणि आतेभाऊ टेम्पोतून रांजण घेऊन गेले. आम्ही दोघं खडवली स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. फलाटावर आमच्याशिवाय एक भाजीवाली होती, टोपलीला टेकून झोपलेली. मी यांना विचारलं, "मोर तुम्हाला कुणी सांगितला?"

"मॅडमनी. का गं?"

मी सगळं सांगितलं. एक खोली, रविवार, पेपर, चहा. पहिल्या दिवशी ते स्वतः काय बोलले तेही. हे ऐकत राहिले. नाकारलं नाही.

"तू सांगितलंस तेव्हा माझ्या हातात पेपर होता," शेवटी म्हणाले. "तिने सांगितलं तेव्हा माती होती. मला हातात काही असल्याशिवाय कळत नाही गं. तुझं सगळं बोलणं मला आवडायचं, पण ते ठेवायचं कुठे ते कळायचं नाही."

मला हे उत्तर आवडलं नाही. त्यात माझी बाजू कुठेच नव्हती. पण ते खोटं नव्हतं, आणि यांना गोड खोटं बोलता येत नाही, हे मी लग्नाआधीच बघून घेतलं होतं. गाडी आली. आत जागा होती. कल्याणला यांनी शेंगदाणे घेतले आणि पुडी आधी माझ्यापुढे धरली.

रांजण तिच्या पडवीत दाराशी उभा आहे. येणाराजाणारा त्याला हात लावतो. मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. मंगळवारी हे इस्त्रीचा शर्ट घालतात, तेव्हा अजूनही मला ते खुपतं.

पण गेल्या महिन्यात तिने मला एकटीला फोन केला. आणखी एक रांजण लावलाय, रंगवायला याल का म्हणाली. वार तिने बुधवार दिला. हे शेजारी उभे राहून ऐकत होते. मीही येतो, काळ्या रंगाचं बघायला हवं, म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "तुम्ही घरी थांबा. गॅसवाला येणार आहे."

त्या बुधवारी दिवसभर आम्ही दोघींनी काम केलं. या वेळी मासे काढले, नुसती खवलं नाहीत, अख्खे मासे, वेलीसारख्या ओळीत. दुपारी तिच्या घरी जेवले. तिने तिच्या नवऱ्याबद्दल काही गोष्टी सांगितल्या, मी माझ्या आईबद्दल. घरी आले तेव्हा यांनी वरणभाताचा कुकर लावून ठेवला होता. पानं घेतली. हे वरण वाढताना म्हणाले, "काय काय केलंत मग?"

"केलं काहीबाही. मासे काढले," मी म्हणाले.

यांनी पुन्हा विचारलं, की मासे कुठल्या बाजूला तोंड करून आहेत. मी सांगितलं नाही.